शेवटी आलेली विनंती

"अकराव्या पायरीवर सगळं ठप्प होतंय," मी म्हणाले आणि छापलेला कागद वाघचौरेसाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

साहेब निमंत्रणपत्रिकांवर नावं घालत होते. गुरुवारची दुपार होती आणि सोमवारी सकाळी अकराला उद्घाटन होतं. त्यांनी कागदाकडे न बघताच विचारलं, "कोणाचं काय ठप्प होतंय?"

"साठा गाडीची वाट बघत बसतो, गाडी साठ्याची. दोघंही हलत नाहीत. लस जागची हलत नाही."

"चाचण्या किती झाल्या आपल्या?"

"साडेनऊ हजार."

"त्यात एकदा तरी असं झालं?"

"नाही."

"मग?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "साडेनऊ हजार वेळा जे झालं नाही, ते तुझ्या कागदावर झालं. कागदावर तर मी पण पंतप्रधान होऊ शकतो, शलाका."

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी होते तिला तारण न्यासाचं काम मिळालं होतं. हा न्यास कोकणातल्या एका डोंगराळ तालुक्यात पाच आरोग्य केंद्रं चालवायचा. त्या भागात साप भरपूर, रस्ते वाईट आणि सापाची लस तालुक्याच्या गावी एकाच साठ्यात. केंद्रांवर दहा-दहा कुप्या असत. जास्त लागल्या की साठ्यातून मागवायच्या. आदल्या वर्षी फोनाफोनीच्या गोंधळात एक बाई दगावली होती. डॉक्टरांना वाटलं साठ्याने लस पाठवली, साठ्याला वाटलं गाडी येतेय आणि गाडीवाला भलत्याच गावाला गेलेला.

म्हणून न्यासाने ठरवलं, मध्ये माणसाचा फोन नको. केंद्र, साठा आणि गाडी अशा तीन संगणक प्रणाली असतील डॉक्टरांनी आपल्या फोनवर फक्त आकडा घालायचा आणि पुढे त्या इंटरनेटवरून आपापसातच बोलतील. केंद्राची आणि साठ्याची प्रणाली आमच्या कंपनीने केली, म्हणजे मुख्यतः शिरीष मणेरीकरने. गाडीची जोसेफ फर्नांडिस नावाच्या गृहस्थांनी केली. ते आणि त्यांची बायको, एवढीच त्यांची कंपनी. शेवटचा महिनाभर आमच्या कंपनीचे प्रमुख वाघचौरेसाहेब धरून आम्ही सगळे न्यासाच्याच इमारतीत मुक्काम ठोकून होतो.

आणि मी? माझं काम लोकांना समजावून सांगताना माझ्या आईच्यासुद्धा नाकी नऊ यायचे. चाचणी म्हणजे रस्त्यावरून पुन्हा पुन्हा गाडी चालवून बघणं. मी रस्त्यांचा नकाशाच गणितात मांडायची. कोण कोणाला कोणता निरोप देईल, कोणता निरोप उशिरा पोचेल, कोणता हरवेल, हे सगळं मांडायचं आणि मग संगणकाला सांगायचं, बाबा रे, जेवढ्या म्हणून वाटा असतील तेवढ्या सगळ्या चालून ये, एकही सोडू नकोस. कुठे रस्ता बंद आढळला, तर तिथवर कसा गेलास ते पायरी-पायरीने लिहून दे. याला औपचारिक पडताळणी म्हणतात. कंपनीत मला 'शलाका ज्योतिषी' म्हणत.

त्या गुरुवारी संगणकाने मला अकरा पायऱ्या लिहून दिल्या होत्या.

"शिरीषच्या कोडमध्ये गडबड आहे," मी साहेबांना म्हणाले.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. शिरीष दारातच उभा होता.

त्याने टेबलावरचा कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि निघून गेला. शिरीष सावंतवाडीकडचा. एरवी तोंडाने फटकळ, पण खरा राग आला की गप्प बसायचा. शुक्रवारी दुपारी तो माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढली आणि तो कागद पसरला. प्रत्येक पायरीपुढे त्याने लाल शाईने बारीक अक्षरात टिपणं केली होती.

"बस आणि बघ," तो म्हणाला. "पायरी तीन. डॉक्टर दहा कुप्या मागतात. निरोप साठ्याकडे आणि गाडीकडे, दोघांकडे जातो. पायरी चार. डॉक्टर विचार बदलतात, वीस मागतात. हाही निरोप दोघांकडे जातो. बरोबर?"

"बरोबर."

"साठ्याला आधी दहाचा निरोप मिळतो, मग वीसचा. साठा वीस धरतो. गाडीकडे मात्र दहाचा निरोप वाटेत रेंगाळतो. वीसचा आधी पोचतो आणि दहाचा मागून. मग गाडी काय धरते?"

"दहा."

"दहा. आता साठा म्हणतो, गाडीने वीसला होकार दिल्याशिवाय मी पेटी उघडणार नाही. गाडी म्हणते, साठ्याने दहाला होकार दिल्याशिवाय मी निघणार नाही. दोघं बसले तोंड फिरवून." त्याने पेन खाली ठेवलं. "आता मला सांग, माझी चूक कुठे आहे? कालपासून मी माझी ओळ न् ओळ तपासलीय. फर्नांडिसना फोन करून त्यांचीही तपासून घेतली. दोघांनी करारात लिहिलंय तसंच केलंय. कलम चौदा. वाच."

मला वाचायची गरज नव्हती. तिन्ही प्रणालींनी आपसात कसं बोलायचं याचा तो करार होता आणि न्यासाच्या अध्यक्षांच्या आग्रहाखातर तो मराठीत लिहिला होता. कलम चौदा मला पाठ होतं: 'शेवटी आलेली विनंती ग्राह्य धरावी, आणि दुसऱ्या प्रणालीने त्याच विनंतीला होकार दिल्याखेरीज पुढचे पाऊल उचलू नये.'

शेवटी आलेली. शेवटी पाठवलेली नव्हे, आलेली. ऑफिसात सगळी यंत्रं एकाच खोलीत, एकाच तारेवर होती. जो निरोप आधी निघेल तोच आधी पोचायचा. तिथे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता. डोंगरात तो एक नव्हता.

"कलम मी लिहिलंय," मी म्हणाले.

"मला माहिताय," शिरीष म्हणाला. "मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." आणि मग, कागदाची घडी घालत, "चहा घेणार?"

चहा पिता पिता मी वाकणघरच्या केंद्रावर फोन लावला. वाकणघर पाचांतलं सगळ्यात लांबचं केंद्र, बेचाळीस किलोमीटर घाटरस्ता. तिथल्या डॉक्टर रेहाना परकार. तोपर्यंत मी त्यांना एकदाच भेटले होते. बुटक्या, पन्नाशीच्या, आवाज एखाद्या हवालदाराला शोभेल असा.

"मॅडम, लस मागवल्यावर लगेच आकडा बदलायची वेळ कितीदा येते?"

"लगेच म्हणजे?"

"मिनिटभरात."

"अगो, नेहमी!" त्या म्हणाल्या. "एकाला आणतात म्हणून दहा सांगावं, तर मागून दुसऱ्याला घेऊन येतात. नाहीतर पेशंटच्या हिरड्यांतून रक्त दिसतं, मग दहाचे वीस. साप काय आकडा सांगून चावतो? का विचारतेस?"

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"म्हणजे माझ्याकडे स्क्रीनवर काय दिसेल?" त्यांनी शेवटी विचारलं.

"विनंती स्वीकारली."

"आणि लस येणार नाही."

"नाही."

"हे आधीपेक्षा वाईट आहे," परकार मॅडम म्हणाल्या. "फोन लागत नव्हता तेव्हा निदान मला कळत होतं की तो लागत नाही."

त्या संध्याकाळी वाघचौरेसाहेबांनी मला एकटीलाच बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. नगरकडचे, शिकवणीचे पैसे साठवून शिकलेले, आणि हे त्यांच्या हाताखालचं पहिलं स्वतंत्र काम होतं.

"हे बघ, सोमवारचं होऊन जाऊ दे. पालकमंत्री येताहेत. नंतर पंधरा दिवसांत आपण गपचूप दुरुस्ती करू. आणि न्यासाने विचारलंच, तर गाडीची प्रणाली फर्नांडिसांची आहे. तिने निरोप उलटसुलट घेतले, असं म्हणता येतं. खोटं नाही ते."

"खोटं नाही, पण खरंही नाही, साहेब. त्यांनी माझ्या कागदाप्रमाणे केलंय."

"तुझं नाव बाहेर आलं, तर पुढचं काम तुला कोण देईल? विचार केलायस?"

मी विचार केला होता. दुपारपासून तोच करत होते. करार लिहिला तेव्हा शाबासकी मलाच मिळाली होती. तो कागद चौकटीत घालून लावावा असा झालाय, असं कंपनीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं. त्या कागदातल्या एका शब्दामुळे वाकणघरला कोणीतरी मरणार होतं, आणि हे माहीत असलेली जगात तीन-चारच माणसं होती.

"उद्या एक रंगीत तालीम करू या," मी म्हणाले. "न्यासाच्या लोकांसमोर. डॉक्टर त्यांच्या केंद्रावरून, त्यांच्याच फोनवरून लस मागवतील. दहा वेळा करू. दहाही वेळा गाडी निघाली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तुम्ही म्हणाल तिथे सही करीन."

साहेबांनी बोट उगारलं. "डॉक्टरांना काही शिकवायचं नाही. अमुक वेळी अमुक बटण दाब, असलं चालणार नाही."

"नाही शिकवणार. त्या रोज करतात तसंच करतील."

शनिवारी सकाळी दहा वाजता न्यासाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. अध्यक्ष यमुनाताई सावर्डेकर मध्ये बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरी उलटलेली, सुती पातळ, मांडीवर वही. त्यांच्या एका बाजूला वाघचौरेसाहेब आणि दुसऱ्या बाजूला फर्नांडिस, इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. एरवी गाडी सात किलोमीटरवर नाक्याला उभी असायची, कारण तिथून पाचही केंद्रांचे रस्ते फुटतात; विनंती आली की साठ्यावर येऊन पेटी उचलायची. त्या दिवशी सगळ्यांना दिसावी म्हणून ती अंगणात आणली होती. चालक गुरवमामा स्टिअरिंगपाशी बसले होते. समोर वीस पावलांवर साठ्याची खोली, आणि दारात पेटीशी साठा सांभाळणाऱ्या सुनंदाबाई. पेटीला प्रणालीचं कुलूप होतं. खूण पटली की ते आपोआप उघडायचं, एरवी नाही.

फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. वाकणघरहून परकार मॅडम म्हणाल्या, "सुरू करू? पेशंट नंबर एक. पुरुष, फुरसं, पाय सुजलाय. दहा मागतेय."

कुलूप उघडलं, सुनंदाबाईंनी पेटी नेली, गुरवमामांनी गाडी फाटकाबाहेर नेऊन परत आणली. पन्नास सेकंद. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुसरी वेळ. दहा मागितल्या, मग बदलून वीस केल्या. कुलूप उघडलं. गाडी निघाली.

तिसरी वेळ. पंधरा, मग पाच, मग पंचवीस. गाडी निघाली. वाघचौरेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ती मला जास्त झोंबली. शिरीष माझ्या शेजारी उभा होता. तो नुसताच नखं कुरतडत होता.

"पेशंट नंबर चार," परकार मॅडमचा आवाज आला. "बाई आहे, घोणस. दहा मागतेय. थांबा हां... सिस्टर म्हणतेय, उलटीत रक्त आहे. वीस करतेय."

आम्ही वाट बघितली.

अर्धं मिनिट झालं. एक झालं. सुनंदाबाई कुलपावर हात ठेवून उभ्या होत्या. गुरवमामांनी इंजिन चालू केलं, स्क्रीनकडे बघितलं आणि बंद केलं.

दोन मिनिटं.

"ओ बाई," गुरवमामांनी खिडकीतून हाक मारली, "पेटी द्या की!"

"कशी देऊ? माझा स्क्रीन म्हणतोय, गाडीच्या होकाराची वाट बघा."

"आणि माझा म्हणतोय, साठ्याच्या होकाराची वाट बघा!"

खुर्च्यांमधून हसू फुटलं. यमुनाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं.

"त्यात एवढं काय," साहेब चटकन म्हणाले. "समोरासमोर तर आहेत. कुलपाची दुसरी किल्ली ठेवू, हातोहात देतील."

फोनमधून परकार मॅडम कडाडल्या, "आज गाडी अंगणात आहे, साहेब! एरवी ती सात किलोमीटरवर असते आणि तिला पाच दिशा असतात. तेव्हा कोणाच्या हातात देणार? आणि मला इथे काय दिसतंय सांगू? 'विनंती स्वीकारली.' हिरवं! मी पेशंटच्या नवऱ्याला सांगतेय, घाबरू नको, लस निघालीय म्हणून!"

हसू थांबलं. आठ मिनिटं झाली, दहा झाली. गाडी आणि पेटी वीस पावलांवर एकमेकींकडे बघत राहिल्या. अंगणात कोणी चुळबूळसुद्धा करेना. त्या दिवशी वाकणघरला खरी बाई नव्हती, पण अंगणातल्या प्रत्येकाला ती दिसत होती.

अकराव्या मिनिटाला यमुनाताईंनी वही मिटली. "पुरे. चूक कोणाची आहे?"

वाघचौरेसाहेबांनी घसा खाकरला. फर्नांडिसांनी मान खाली घातली. खरं तर त्यांनी काहीच केलं नव्हतं, पण छोट्या माणसाला आळ आपल्यावर येणार हे आधीच माहीत असतं.

"माझी," मी म्हणाले. "तिन्ही प्रणालींनी कसं बोलायचं तो करार मी लिहिला. चौदाव्या कलमात 'शेवटी पाठवलेली विनंती' असं पाहिजे होतं. मी 'शेवटी आलेली' लिहिलं. यांनी दोघांनी माझ्या शब्दाप्रमाणेच काम केलंय, बरहुकूम."

यमुनाताईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली नजर होती ती.

"एका शब्दाने?"

"हो, ताई."

"दुरुस्तीला किती दिवस?"

"नऊ."

"आणि नऊ दिवसांनी पुन्हा अडकलं तर?"

"अडकणार नाही."

"हे तुम्ही कशावरून सांगता? चाचण्या तर यांनीही साडेनऊ हजार केल्या."

"आज नाही सांगत. नवव्या दिवशी सांगेन. आणि त्या दिवशी 'बहुतेक' म्हणणार नाही."

त्या उठल्या. "वाघचौरे, पालकमंत्र्यांना मी फोन करते. उद्घाटन पुढे ढकलायचं." फाटकाकडे जाताना त्या माझ्यापाशी क्षणभर थांबल्या. "मी मुलांना सांगायची, चूक दुसऱ्याने दाखवली तर पाव गुण कापीन, स्वतः दाखवलीत तर नाही कापणार. बघू या."

ते नऊ दिवस मी, शिरीष आणि फर्नांडिस एकाच टेबलाशी बसलो. फर्नांडिसांची बायको, ट्रीझा, रोज दुपारी डबा आणायची आणि जेवता जेवता आमच्यापेक्षा नेमके प्रश्न विचारायची.

उपाय सोपा वाटत होता. केंद्रानेच प्रत्येक विनंतीला क्रमांक द्यायचा. पहिली एक, बदललेली दोन. कोणती आधी पोचली ते बघायचंच नाही. मोठ्या क्रमांकाची ती खरी. लहान क्रमांकाची मागून आली, तर पोच द्यायची आणि बाजूला ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी ते गणितात मांडलं आणि संगणकाला वाटा चालायला सोडलं. वीस मिनिटांत त्याने नवा बंद रस्ता शोधून दिला. तेविसाव्या पायरीवर.

"आता काय?" शिरीष ओरडला.

"केंद्रावर फोन दोन आहेत. एक डॉक्टरांचा, एक सिस्टरचा. दोघींनी एकाच वेळी बदल केला, तर दोघींच्याही विनंतीचा क्रमांक दोन."

"असं कधी होणार?"

त्याने विचारलं आणि त्याचं त्यालाच उमगलं. मग आम्ही दोघंही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गुरुवारी साहेबांनी हेच विचारलं होतं.

"सिस्टर डॉक्टरांचं ऐकते ना?" ट्रीझा डबा भरता भरता म्हणाली. "मग यंत्राने पण तसंच करावं. आकडा सारखा आला, तर डॉक्टरचा मोठा."

क्रमांकाला आम्ही फोनची खूण जोडली. सहाव्या दिवशी आणखी एक भोक सापडलं, तेही बुजवलं. आठव्या दिवशी दुपारी संगणक पुन्हा वाटा चालायला निघाला. निरोप हरवले, उशिरा आले, दोनदा आले, उलटे आले, गाडीचं यंत्र मध्येच बंद पडलं, साठ्याचं पडलं, हे सगळं त्याला करून बघायचं होतं. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. साहेबही येऊन मागे उभे राहिले. आकडा चढत गेला. दहा लाख वाटा. पंचवीस लाख. एकेचाळीस लाखांच्या वर गेल्यावर तो थांबला आणि खाली एकच ओळ उमटली. एकही बंद रस्ता नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. फर्नांडिसांनी छातीवर क्रूस काढला. वाघचौरेसाहेबांनी विचारलं, "म्हणजे आता बहुतेक..."

"बहुतेक नाही, साहेब," शिरीष म्हणाला. "संपलं. रस्ताच नाही अडायला."

नवव्या दिवशी मी यमुनाताईंना तसंच सांगितलं. त्यांनी नवा करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि सही केली.

उद्घाटन झालं, फीत कापली, पेढे वाटले. मला ते फारसं आठवत नाही. आठवतो तो त्यानंतरचा चौथा दिवस. मी वाकणघरला केंद्राच्या लोकांना प्रणाली शिकवायला गेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. एक जीप धूळ उडवत आली आणि माणसांनी एका बाईला उचलून आत आणलं. रखमा झोरे, धनगरवाड्यावरची. गवत कापताना घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्या लाल झाल्या होत्या.

"सिस्टर, आपल्या दहा कुप्या काढ," परकार मॅडम सलाईन लावता लावता म्हणाल्या. "आणखी दहा मागवतेय." त्यांनी फोनवर बोट दाबलं.

रखमाचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. उंच, काटक माणूस. उजवा हात घोंगडीत गुंडाळलेला.

"हाताला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काय नाय. तिला बघा आधी."

"दाखव म्हणते ना!"

त्याने घोंगडी सोडली. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. सापाला मारायला गेला होता, त्याने यालाही दंश केला होता. तासभर जीपमधून येताना तो एका शब्दानेही बोलला नव्हता.

"अरे माझ्या बाबा," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्यांच्या त्या हवालदारी आवाजात, "सिस्टर! दहाचे तीस कर! तुझ्या फोनवरून कर, माझे हात रक्ताने भरलेत!"

सिस्टरने बटण दाबलं. मी शेजारच्या टेबलावर उभी होते, समोर तपासणीचा पडदा होता. निरोप जसजसे पोचतात तसतशी त्यावर नोंद होते. साठा: दहा. साठा: तीस. गाडी: तीस.

आणि मग, बावीस सेकंद रेंगाळून, गाडी: दहा.

उलटे. एकेचाळीस लाख वाटा संगणकाने चालून बघितल्या होत्या, हे मला माहीत होतं. पण त्यातल्या एका वाटेवर आता दोन जिवंत माणसं होती, आणि माहीत असण्याचा त्या क्षणी मला काडीचाही उपयोग नव्हता. मी पडद्याची कड धरून उभी राहिले.

गाडी: क्रमांक दोन ग्राह्य, तीस. साठा: होकार, तीस. कुलूप उघडले. वाहन निघाले.

निरोप उलटा पोचल्यापासून वाहन निघेपर्यंत नऊ सेकंद लागले होते.

गुरवमामांनी बेचाळीस किलोमीटरचा घाट सव्वा तासात चढवला. तोवर केंद्रातल्या दहा कुप्या दोघांत वाटून दिल्या होत्या, आणि मॅडम दोन खाटांच्या मध्ये स्टूल टाकून एका हाताने याची, दुसऱ्या हाताने तिची नाडी धरून बसल्या होत्या. पेटी आली. अंधार पडायच्या आत रखमाच्या हिरड्यांचं रक्त कमी झालं. पहाटे दोघांचंही रक्त नळीत गोठलं, म्हणजे विष उतरायला लागलं. मॅडमनी ती काचेची नळी उलटी करून माझ्या डोळ्यांसमोर धरली. थेंबभर हललं नाही. इतकी सुंदर वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती.

सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला मी बाहेर जाऊन शिरीषला फोन लावला. रेंज येईना, म्हणून पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले.

"उलटे पोचले," मी म्हणाले. "काल दुपारी. खरेखुरे. दहाचा मागून आला."

"मग?"

"गाडी निघाली. तीस कुप्या. दोघंही जगली."

शिरीषने फोन बाजूला धरून आरोळी ठोकली, सावंतवाडीच्या जत्रेत ठोकतात तशी, आणि मागोमाग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, फर्नांडिसांचा आवाज आला, ट्रीझाचा आला, आणि या सगळ्यांवर वाघचौरेसाहेबांचा. "दे इकडे फोन! शलाका? शलाका, पुन्हा सांग, नीट सांग, पहिल्यापासून सांग!"

मी शिडीवर बसून पहिल्यापासून सांगितलं.

खाली आले तर परकार मॅडम पायरीवर चहा घेत बसल्या होत्या. रात्रभर जागून डोळे तांबारलेले. "कसला गं आरडाओरडा? तुझ्या फोनमधून इथपर्यंत ऐकू आला."

"मॅडम, काल तुमचे निरोप वाटेत उलटसुलट झाले. तालमीत झाले होते तसेच."

"काल?" त्यांनी कप खाली ठेवला. "मला तर काहीच कळलं नाही."

"नाहीच कळणार."

मग त्यांनी सरकून पायरीवर माझ्यासाठी जागा केली आणि आत हाक मारली, "सिस्टर, आणखी एक चहा आण. आणि त्या दोघांना विचार, भूक लागलीय का."

आतून रखमाचा नवरा म्हणाला, लागलीय.